‘हुडक’वाले गजभिये सर

“ताई, तुमचा दिवसातला सगळ्यात जास्त वेळ काय हुडकण्यात जाते?”

गजभिये सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ओळखदेख काही झालेली नव्हती. नागपुरात रामदासपेठेत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर तेव्हा नुकतीच एक कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट निघाली होती आणि कॉमर्सच्या मुलांना हिशेबाचे विषय शिकवायला मी तिथं रुजू होत होते. जिना चढून आले तर दारात एक चाळिशी उलटलेले, सावळे, किरकोळ बांध्याचे गृहस्थ चपला काढत उभे. कॉम्प्युटरच्या खोलीत त्या काळी देवळासारखं अनवाणी जावं लागे. अंगात पांढरा फुलशर्ट, मे महिना असूनही मनगटापर्यंत बटणं लावलेली.

“चष्मा,” मी म्हटलं.

त्यांनी थट्टा समजून सोडून दिलं नाही. खरंच विचार केला. मग मान हलवून म्हणाले, “चष्म्याचं आपल्याजवळ काही औषध नाही बाप्पा. कागदाचं काही असलं तर सांगजा.” आणि लगेच माझ्या पर्सकडे बोट दाखवून, “हे बाहेर ठेवा. याच्या बटणात लोहचुंबक आहे, फ्लॉपीवरचं सगळं पुसलं जाते.”

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. रेशन दुकानदाराला, पोस्टमास्तरला, एस.टी.च्या कंडक्टरला. एका लग्नात त्यांनी तो नवरीच्या बापाला विचारला. तो बिचारा आधीच कोठीची किल्ली घेऊन गेलेल्या आचाऱ्यासाठी मांडवभर फिरत होता, तो म्हणाला, “आता सध्या तर आचारी हुडकून राहिलो!” सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. माणूस भेटला की त्याचं काय हरवतं ते आधी कळलं पाहिजे, बाकीचं मागाहून, असा त्यांचा हिशेब.

कारण सरांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. माहितीचा साठा करून ठेवायचा आणि हवं तेव्हा हवं ते त्यातून काढून द्यायचं, असं त्याचं काम. अशा कामाचा एक अमेरिकन प्रोग्रॅम तेव्हा सगळीकडे चालत असे. कोणी विकत घेत नसे, या फ्लॉपीवरून त्या फ्लॉपीवर करत तो गावभर झाला होता. शिकवण्याचे वर्गही त्याचेच. आमच्या इन्स्टिट्यूटच्या पाटीवरसुद्धा त्याचं नाव मोठ्या अक्षरात होतं. सरांचा प्रोग्रॅम मात्र मराठीत होता. पडद्यावर अक्षरं मराठी, प्रश्न मराठी, उत्तरं मराठी. त्यासाठी त्यांनी आलेखाच्या कागदावर एकेक ठिपका मांडून सगळी बाराखडी स्वतः काढली होती. की-बोर्डवर चिकटवायच्या चिठ्ठ्या त्यांच्या बायकोनं, पुष्पाताईंनी, कातरीनं कापून दिल्या होत्या. उन्हाळ्यात कूलरच्या दमट वाऱ्यानं त्या सुटायच्या, आणि मग सरांच्या शर्टाच्या बाहीवर एखादा ‘झ’ नाहीतर ‘ण’ चिकटलेला दिसायचा.

प्रोग्रॅमचं नाव होतं ‘हुडक’. पुष्कळांनी सांगून पाहिलं की असं गावठी नाव ठेवू नका, काही तरी इंग्रजी ठेवा, गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो. ते म्हणत, “नाव माझं नाही. दादाचं आहे.”

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. भंडाऱ्याकडे गावी राहत. त्यांच्या पायाचं ऑपरेशन इथंच नागपुरात, धंतोलीतल्या एका दवाखान्यात झालं होतं. काही वर्षांनी पाय पुन्हा दुखायला लागला म्हणून ते आले, तर जुने कागद सापडेनात. आडनाव कोणी इंग्रजीत गजभिये लिहिलेलं, कोणी गजभे, कोणी गजाभिया. सगळा दिवस दोघे भाऊ दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा दादा हसत म्हणाले, “सुदाम, मी अठी जिताजागता बसून आहो, अन् हे मले कागदात हुडकून राहिले.”

दादा हसले. सुदाम हसले नाहीत. ते तेव्हा सरकारी नोकरीत होते, आकडेवारीच्या कार्यालयात पंचकार्डांच्या विभागात. कार्डांना भोकं पाडायची, मोठ्या यंत्रातून ती पाठवायची, निवडून वेगळी करायची, हे काम सत्तरच्या दशकभर त्यांनी केलं. पर्सनल कॉम्प्युटर नावाची गोष्ट नागपुरात आली तेव्हा त्यांनी त्यावर आपल्या हिमतीनं प्रोग्रॅम लिहायला शिकून घेतलं, आणि एक दिवस ती कायमची नोकरी सोडून दिली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातला, घराण्यात पहिल्यांदा सरकारी खुर्चीवर बसलेला हा मुलगा. नातेवाइकांत हाहाकार झाला. पुष्पाताई महापालिकेच्या शाळेत शिकवत, त्यांच्या पगारावर घर चालू लागलं. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये सर शिकवायला येत ते तिथली मशीन शिकवणी संपल्यावर वापरायला मिळते म्हणून.

“नाव कानानं ओळखा लागते, डोळ्यानं नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ‘हुडक’ची खरी करामत तीच होती. वानखेडे लिहा की वानखडे, मेश्राम लिहा की मेसराम, तो उच्चारावरून माग काढी आणि जवळची सगळी नावं पुढं मांडी. आज याचं कोणाला काही वाटणार नाही. तेव्हा मला तो चमत्कारच वाटला.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते धंतोलीतच. दादांचा दवाखाना नव्हे, दुसरा. हाडांचे एक नावाजलेले डॉक्टर होते. विदर्भातून आणि बालाघाट-छिंदवाड्याकडूनही माणसं त्यांच्याकडे येत. त्यांनी हौसेनं मशीन घेतली होती, पण ती झाकूनच ठेवलेली. सरांनी तिच्यावर ‘हुडक’ बसवला आणि कागदपत्रांच्या खोलीतल्या सुलोचनाबाईंना शिकवायला बसले. सुलोचनाबाई बटणाला बोट लावायलाही भीत. सर शेजारी स्टूल टाकून बसत आणि म्हणत, “काही नाही होत वं बाई. चुकली तर तो पुन्हा विचारते. तो रागावत नाही.”

आईच्या गुडघ्यासाठी मी त्याच डॉक्टरांकडे जात असे, म्हणून एक प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. एक म्हातारी आली होती. जवळ चिठ्ठी नाही, कधी आली होती ते आठवत नाही. नाव सांगितलं ते तिचं माहेरचं होतं की सासरचं, तेही धड कळेना. एवढंच म्हणे, “संत्र्याच्या दिवसात आली होती, माय. हा हात मोडला होता.” सुलोचनाबाईंनी तिचं गाव घातलं, डावा हात घातला. पडद्यावर दोनतीन नावं आली. बाईंनी ती मोठ्यानं वाचली आणि दुसऱ्या नावाला म्हातारी बाकावरून उठून उभीच राहिली.

“मी त्याच्या ध्यानात आहो?” तिनं विचारलं.

“आहे ना वं आजी,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

सर त्या वेळी कोपऱ्यात प्रिंटरची फीत बदलत होते. हात शाईनं काळे झालेले. त्यांनी मान वर केली नाही, पण पुढचे कितीतरी दिवस इन्स्टिट्यूटमध्ये जो भेटेल त्याला ही गोष्ट ते सांगत होते, आणि दर वेळी म्हातारीचं वाक्य तिच्याच आवाजात म्हणून दाखवत होते.

उन्हाळ्यात फ्लॉप्या वाकतात म्हणून ते त्या स्टीलच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून नेत. पुष्पाताईंचा शाळेत न्यायचा डबाही तसाच. एकदा घाईत डबे बदलले. सर एका बियाण्यांच्या व्यापाऱ्यापुढं ‘हुडक’ दाखवायला बसले आणि डबा उघडला तर पोळी-भेंडी. तिकडं मधल्या सुट्टीत पुष्पाताईंनी डबा उघडला तर आत सगळा ‘हुडक’. त्या संध्याकाळी पुष्पाताई इन्स्टिट्यूटच्या जिन्यापाशी डबा घेऊन आल्या आणि माझ्यासमोर म्हणाल्या, “ताई, यांना विचारा, पोरगी सासरी पाठवायची असली तर हे काय करतील? तिच्या मागं बिऱ्हाड घेऊन जातील! व्यापाऱ्याकडं फ्लॉपी पाठवून नसती देता आली? स्वतःच काहून जाता?”

“दाखवा लागते ना,” सर म्हणाले.

“मग मोठ्या कंपन्यांचं कसं खपते? ते येतात काय दाखवायले?”

सर हसले. पुष्पाताई हसल्या नाहीत. सरांच्या धंद्यातलं दुखणं त्यांनी तिथंच नेमकं सांगितलं होतं, पण ते आम्हांला कोणाला तेव्हा ओळखता आलं नाही.

दुखणं असं होतं, की सरांना गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणता येत नसे. सुलोचनाबाईंना एक्स-रेचं कपाट दिसायला हवं होतं, त्यांनी तसं करून दिलं. बियाण्यांच्या व्यापाऱ्याला गावावरून तालुका आपोआप यायला हवा होता, त्याच्यासाठी तसं. एका वाचनालयाला पुस्तकांबरोबर कोणतं पुस्तक कोणी फाडलं हेही लिहून ठेवायचं होतं, त्यांना तसं. प्रत्येकासाठी ते प्रोग्रॅमच्या पोटात हात घालत आणि नवंच काही करून देत. गिऱ्हाईक खूश, चहा होई, सर खूश.

फक्त एकदा त्यांनी ‘नाही’ म्हटलेलं मी ऐकलं. वधूवर सूचक मंडळ चालवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे मी सरांबरोबर गेले होते. भल्या बाई, पदरमोड करून लग्नं जुळवायच्या. त्यांना ‘हुडक’ फार आवडला. उंची, शिक्षण, चष्मा, नोकरी, मंगळ, मुलीला गाता येतं की नाही, सगळं सरांनी बसवून दिलं. मग बाई म्हणाल्या, “आता पोटजात टाका. पोटजात दिली की तेवढीच नावं यायला हवीत, बाकीची दिसताच कामा नयेत.”

सरांनी की-बोर्डवरून हात काढून घेतले. मग म्हणाले, “बाई, ते नाही होणार.”

“का? अवघड आहे?”

“अवघड काही नाही. हे हुडकायसाठी केलं आहे. गाळायसाठी नाही.”

“अहो, त्याशिवाय कोणी स्थळं विचारतच नाही. मी काय करू?” बाई अगदी काकुळतीला आल्या. सरांनी त्यांच्याशी वाद घातला नाही, उपदेशही केला नाही. फ्लॉपी डब्यात ठेवली, डबा पिशवीत ठेवला, नमस्कार केला आणि निघाले. जिना उतरताना मला म्हणाले, “बाई खोट्या नाहीत जी. पण मले ते लिहिता येत नाही.” एवढंच. पुन्हा त्या विषयावर ते बोलले नाहीत. ते मंडळ गेलं आणि त्या बाईंच्या ओळखीनं येऊ शकली असती ती कितीतरी कामंही गेली.

पुढं नागपुरात कॉम्प्युटरचं एक प्रदर्शन भरलं. मोठ्या कंपन्यांचे कापडी कमानींचे गाळे, टाय लावलेली मुलं, थंडगार पंखे. सरांना जागा मिळाली ती अगदी शेवटी, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाजवळ. झालं उलटंच. पाणी प्यायला आलेला माणूस सरांपुढं थांबायचा. सर त्याचं नाव विचारत आणि नाव पडद्यावर मराठीत उमटे. लोक बायकांना बोलावून आणत, लेकरांना खांद्यावर घेत. एक पोलीस हवालदार तर आपल्या चारही मुलींची नावं लिहवून घेऊन गेला. दिवसभर सरांचा घसा बसेस्तोवर गर्दी होती. संध्याकाळी मी विचारलं, “किती जणांनी मागणी नोंदवली?”

“मागणी?” ते म्हणाले. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

पण त्या गर्दीच्या मागं एक माणूस बराच वेळ उभा होता. मुंबईचे कर्णिक. एका मशीन विकणाऱ्या कंपनीत ते मोठ्या जागेवर होते. दुसऱ्या दिवशी ते इन्स्टिट्यूटमध्ये आले. शांत, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळं पाहून घेतलं आणि म्हणाले, “गजभिये, मला हे हवं आहे. आमच्या प्रत्येक मशीनबरोबर महाराष्ट्रभर देऊ. नाव हेच ठेवा, माझी हरकत नाही. दवाखाने, ग्रामपंचायती, शाळा. लोकांना असं काही आहे हे ठाऊकच नाही, ते माझ्यावर सोडा. मला फक्त प्रोग्रॅम द्या आणि सोबतची पुस्तिका द्या.”

सरांनी डबा उघडला. आतून फ्लॉप्या काढून टेबलावर मांडल्या. दवाखान्याचा, वाचनालयाचा, बियाण्यांचा, आणखी कोणाकोणाचा. प्रत्येकीवर पुष्पाताईंच्या अक्षरात नाव.

कर्णिक त्या ओळीकडे बघत राहिले. “यातला ‘हुडक’ कोणता?”

सरांनी एक फ्लॉपी उचलली, ठेवली, दुसरी उचलली. “सगळेच आहेत,” ते म्हणाले.

“सगळे नकोत. एक हवा.”

“एक करतो ना जी.”

“आणि पुस्तिका?”

“पुस्तिका कायची? शेजारी बसून दाखवलं की येते सगळ्यांले.”

कर्णिक हसले, पण माणूस समजूतदार होता. त्यांनी मुदत दिली. सर कामाला लागले. सगळे ‘हुडक’ एकत्र करून एक करायचा. पण सुलोचनाबाईंचं कपाट काढलं तर त्यांचं कसं होणार आणि वाचनालयाची फाटकी पुस्तकं काढली तर त्यांना काय वाटेल, यातच त्यांचा जीव गुंतून राही. काढलेलं ते पुन्हा घालत. पुस्तिका लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. ते सांगत, मी लिही. पण कुठलंही प्रकरण शेवटाला आलं की ते म्हणत, “अठी लिहा, अडचण आल्यास भेटावे.” आणि मग घरचा पत्ता, पाण्याच्या टाकीच्या मागच्या गल्लीत, कडुलिंबाच्या समोर.

“सर, हे नांदेडचा माणूस वाचणार आहे,” मी म्हणे.

“नांदेडचा माणूस नागपूरले येत नाही काय?”

अखेर पुष्पाताईंनी एका रविवारी पाटावर बसून ती सगळी ‘भेटावे’ खोडली. सर बघत राहिले.

एक ‘हुडक’ तयार झाला. जितका व्हायला हवा होता तितका आटोपशीर नसेल, पण झाला. कर्णिकांनी तो नाशिककडच्या एका दवाखान्यात प्रयोगासाठी बसवला. तिथं नीट चालला की बाकी महाराष्ट्रात, असं ठरलं. आम्ही सगळे उत्साहात होतो. इन्स्टिट्यूटच्या मालकांनी पेढे आणले. पुष्पाताईंनी मला हळूच विचारलं, “आता खरंच होईल ना हो ताई?” इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा इतका सैल झालेला मी पाहिला नव्हता.

थोड्याच दिवसांत नाशिकहून फोन आला की काहीतरी अडतं आहे. साधीच अडचण होती, पुस्तिकेत तिचं उत्तरही लिहिलेलं होतं. कर्णिकांच्या माणसानं ते फोनवर सांगितलंही असतं. पण फोन ठेवल्यावर सर उठले, डबा घेतला आणि कोणाला न सांगता संध्याकाळच्या गाडीनं नाशिकला गेले. तिथं ते दोनतीन दिवस राहिले. अडचण सोडवली. दवाखान्यातल्या मुलीला शेजारी बसवून सगळं शिकवलं. तिला बाळंतपणाच्या नोंदी वेगळ्या हव्या होत्या, त्याही करून दिल्या. परत आले ते आनंदानं नुसते फुललेले. “आता ते पक्के झाले जी! पोरगी मोठी हुशार आहे.”

आणि कर्णिकांच्या हातात असलेला ‘हुडक’ आणि नाशिकचा ‘हुडक’ हे पुन्हा दोन झाले.

कर्णिक मुद्दाम नागपूरला आले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मऊपणानं बोलले. “गजभिये, मला तुमचा प्रोग्रॅम विकायचा होता. तुम्हाला नाही. दोनशे गावांतून दोनशे फोन आले तर तुम्ही दोनशे गाड्या पकडाल. मला दिसतंय ते. हे असं चालत नाही हो.”

“मी जाणार नाही पुढं,” सर म्हणाले. आवाज लहान झाला होता.

“जाल,” कर्णिक म्हणाले. “तुम्ही जाल. आणि माणूस म्हणून मला ते फार आवडतं.” त्यांनी सरांचा हात हातात घेतला, जरा वेळ धरून ठेवला आणि गेले. त्यांच्या कंपनीनं मग त्या अमेरिकन प्रोग्रॅमचीच पुस्तिका मराठीत छापून मशीनबरोबर द्यायला सुरुवात केली असं ऐकलं. तो प्रोग्रॅम मराठीत बोलत नव्हता, पण त्याच्याबद्दल मराठीत वाचता येत होतं. लोकांना तेवढं पुरलं.

मला पुष्कळदा वाटतं, सरांच्या सोबतीला एखादा रुक्ष, कामापुरतं बोलणारा माणूस असता, ज्याला लोकांच्या अडचणींचं काही वाटत नाही असा, तर ‘हुडक’ आज घराघरांत पोचला असता. पण तसा माणूस सरांना भेटला असता तरी सरांनी त्याला पहिल्याच दिवशी चहा पाजून आपल्यासारखं करून टाकलं असतं.

त्यानंतर धंतोलीच्या डॉक्टरांनी त्यांना बोलावून घेतलं. मी आईला घेऊन तिथंच बसले होते. डॉक्टर स्वतः बाहेर आले, सरांच्या शेजारी बाकावर बसले.

“गजभिये, तुमच्या प्रोग्रॅममध्ये मला खोट काढता येणार नाही. पण सुलोचनाबाई रजेवर गेल्या की माझं काम बंद पडतं. बदली माणूस कुठून आणू? पेपरात जाहिरात देऊ का, ‘हुडक’ येणारा पाहिजे म्हणून? तो दुसरा प्रोग्रॅम गल्लीतल्या प्रत्येक पोराला येतो. आणि उद्या तुम्हाला काही झालं तर?”

“मले काय होते जी?”

“असं डॉक्टरला विचारू नये,” डॉक्टर म्हणाले. दोघेही थोडे हसले.

सरांनी एकच मागितलं. जुन्या नोंदी नव्या प्रोग्रॅममध्ये आपणच नेऊन देतो, दुसऱ्या कोणाला देऊ नका. नावं हरवतील. डॉक्टरांनी होकार दिला. त्या दिवसांत आईच्या शेकासाठी मी रोजच तिथं जायची. सर आणि सुलोचनाबाई मशीनपुढं बसलेले दिसत. नवा प्रोग्रॅम इंग्रजीत. एकेक मराठी नाव बाई वाचत आणि सर ते इंग्रजी अक्षरांत घालत. इतकी वर्षं ज्याच्यासाठी ते झगडले ते त्यांना तिथं रोज मोडावं लागत होतं, कारण नव्या प्रोग्रॅमला नावाचा उच्चार कळत नव्हता, एकच स्पेलिंग कळत होतं. प्रत्येक नावाला कोणतं स्पेलिंग द्यायचं ते ठरवायचं आणि पुढं कायम तेच. सर दर नावापाशी थबकत. “मेश्राममध्ये एच घालू का वं बाई? गावात काय म्हणतात यांना?” बाईंना काय ठाऊक! मग ते स्वतःशीच दोनतीनदा नाव उच्चारून पाहत आणि घालत.

एका दुपारी सुलोचनाबाई डोळ्यांला पदर लावून म्हणाल्या, “सर, मले हे नवं नाही जमणार. माझ्या हाताखाली आता डॉक्टर एक पोरगी ठेवून राहिले.”

“जमते,” सर म्हणाले. “मी शिकवतो ना. चुकली तरी काही नाही होत.”

आणि शिकवलंही. बाईंनाच नाही, पुढं आमच्या इन्स्टिट्यूटमध्येही तो अमेरिकन प्रोग्रॅम सरच शिकवू लागले. उत्तम शिकवत. कुठंही टोमणा नाही, कडवटपणा नाही. त्यांच्या वर्गाला जागा मिळत नसे. एकदा एका मुलानं विचारलं, “सर, माहिती ठेवायला सगळ्यात चांगला प्रोग्रॅम कोणता?” मी शेजारच्या खोलीत होते, माझा खडू थांबला. सर म्हणाले, “जो शेजाऱ्यालेही येते तो. अडचण आली तर विचारता येते.” वर्गातली मुलं हसली. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, पण त्यांना कसं ठाऊक असणार.

‘हुडक’बद्दल ते बोलेनासे झाले. त्या वाचनालयात तो बरीच वर्षं चालू होता म्हणतात, मशीन बिघडेपर्यंत. दादा वारले तेव्हा सर गावी जाऊन आले आणि नंतर पुष्कळ शांत झाले. शर्टाच्या बाह्या आता कोपरापर्यंत दुमडलेल्या असत. नव्या माणसाला ते नाव विचारू लागले, साधं नाव, जसं सगळे विचारतात तसं.

ऐंशीचं दशक सरता सरता माझ्या यजमानांची बदली झाली आणि आम्ही नागपूर सोडायचं ठरलं. निरोप घ्यायला मी सरांकडे गेले. मनीषनगरच्या बाजूला तेव्हा नुसते प्लॉट पडलेले होते, मधूनच एखादं घर, बाकी गवत आणि दगडी खुणा. पुष्पाताईंनी शाळेच्या सोसायटीतून कर्ज काढून तिथं दोन खोल्यांचं बांधकाम चालवलं होतं. छप्पर व्हायचं होतं. पुष्पाताई आतल्या बिनदाराच्या चौकटीत स्टोव्हवर चहा करत होत्या. सर लुंगी-बनियनवर, हातात रबरी नळी घेऊन भिंतींना पाणी मारत होते.

“काय चाललंय नवीन?” मी विचारलं. विचारल्यावर मला वाटलं, विचारायला नको होतं.

“हे पाहा ना,” ते म्हणाले आणि नळी भिंतीकडे वळवली. “सकाळ-संध्याकाळ पाणी मारा लागते. विटा मोठ्या तहानेल्या असतात. पण एकदा पक्की झाली की झाली जी. मग तिले कोणी येऊन विचारायची गरज नाही. उभी राहते आपली आपण.”

चहा झाला. पुष्पाताईंनी मला कुंकू लावलं, खणाऐवजी रुमालात बांधून पेरू दिले. त्यांनी डोळे पुसले, मी पुसले. सर नळी हातात तशीच धरून फाटकाच्या दोन खांबांपर्यंत आले. फाटक अजून बसवायचं होतं. “जपून जा ताई,” म्हणाले. आणखी काही म्हणतील असं मला वाटलं, पण तेवढ्यात त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या भिंतीकडे गेलं. तिचा वरचा थर उन्हानं पांढुरका पडला होता.

ते तिकडे गेले. रिक्षा खडबडीत वाटेनं हळूहळू चालली होती, म्हणून मी पुष्कळ वेळ मागं वळून बघू शकले. टाचा उंचावून, नळीच्या तोंडावर अंगठा दाबून ते पाणी वर पोचवत होते. बघता बघता भिंत काळसर झाली. मग ते दुसऱ्या भिंतीकडे वळले, आणि गवतामुळं मला दिसेनासे झाले.